फुग्यात बोली, पट्टीत प्रमाण: ऑनलाइन कॉमिक स्ट्रिपमधून मुलांचं वाचन-लेखन

चौथीतल्या मुलाला 'पावसातली गंमत' या विषयावर दहा ओळी लिही म्हटलं की आधी पेन्सिल तासली जाते, मग समास आखला जातो, पाणी पिऊन येणं होतं, आणि वहीत 'मला पाऊस खूप आवडतो' एवढंच उमटतं. त्याच मुलाला मधल्या सुट्टीत ऐका. कोण चिखलात पडलं, कोण काय म्हणालं, मग बाई कशा आल्या, हे सगळं तो आवाज काढून, नकला करून सांगतो. गोष्ट त्याच्याकडं असते. तोंडातलं कागदावर उतरवताना गाडी अडते.

कॉमिक स्ट्रिपमध्ये दोन्ही भाषांना हक्काची जागा आहे. फुग्यात पात्र बोलतं, तिथं मूल घरी बोलतं तसं लिहू शकतं. चौकटीच्या वरच्या पट्टीत निवेदन येतं, तिथं पुस्तकातली मराठी लागते. कोल्हापुरात याचं मोल फार आहे. इथं घरात 'काय करालाईस' असतं आणि वहीत 'काय करतोस' लागतं. मुली सर्रास 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात आणि तेच वहीत आलं की लाल रेघ पडते. आपलं बोलणंच चुकीचं आहे असं एकदा मुलीच्या मनानं घेतलं की ती कमी लिहू लागते. फुगा आणि पट्टी हाताशी असली की तिला सांगता येतं, 'हे फुग्यात झकास बसतं, पट्टीत मात्र आपण पुस्तकासारखं लिहू.' दोन्ही भाषा तिच्याच राहतात आणि कुठली कुठं वापरायची हे हाताला कळत जातं. ऑनलाइन साधनाचा फायदा इतकाच, की 'मला चित्र काढता येत नाही' ही अडचण राहत नाही. पुढचं सगळं फुगा आणि पट्टी यांच्या या वाटणीभोवती आखलं आहे. शिक्षक आणि पालक, दोघांनाही ते वापरता येईल.

आधी वाचन, तेही सावकाश

पहिला आठवडा काहीही बनवू नका. वर्तमानपत्रातल्या, मुलांच्या मासिकातल्या चार-सहा चौकटींच्या स्ट्रिप जमवा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात, खुल्या परवान्यामुळं छापताही येतात. त्यांची पानं चौकटींसारखी वापरता येतील.

वाचताना तीन गोष्टी मुलांकडूनच काढून घ्या. चौकटी डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली वाचायच्या. एका चौकटीत दोन फुगे असतील तर वरचा आणि डावीकडचा आधी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत काहीतरी घडलेलं असतं. पहिल्या चौकटीत मांजर दुधाच्या पातेल्याकडं बघतंय आणि दुसऱ्या चौकटीत आई हातात लाटणं घेऊन उभी आहे. मध्ये काय झालं? कुणीही ते लिहिलेलं नाही, तरी वर्गातली सगळी पोरं एका सुरात सांगतात. न लिहिलेलं ओळखणं हे वाचनातलं अवघड काम. धड्याखालच्या 'असे का झाले असावे?' या प्रश्नाला मुलं तिथंच अडखळतात. चौकटींमधली फट त्याचाच सराव देते.

एक खेळ जरूर घ्या. स्ट्रिपच्या झेरॉक्स काढून चौकटी कापा, ढीग करा आणि जोडीजोडीनं क्रम लावायला सांगा. क्रम लावला की 'हीच आधी का?' हे विचारायचं. दुसरा खेळ म्हणजे फुग्यांमधला मजकूर पांढऱ्या रंगानं झाकायचा आणि रिकामे फुगे भरायला द्यायचे. पहिली-दुसरीच्या मुलांना बरेच दिवस एवढंच पुरतं. त्यांना पूर्ण स्ट्रिप बनवायला लावण्याची घाई नको.

चार चौकटी, कागदावर

स्क्रीन अजून लांब ठेवा. हा नियम मी कधीच सैल करत नाही. साधन उघडलं की मूल पात्राचे केस, टोपी आणि बूट निवडत बसतं आणि तासात एक वाक्यही लिहून होत नाही. शब्द तयार झाल्यावरच मोबाइल हातात द्यायचा.

चार चौकटी हे माप भारतात चांगलं रुळलेलं आहे. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'नं गावोगावच्या साध्या माणसांकडून कॉमिक्स करून घेतली, ती चार चौकटींचीच. ए-फोरचे दोन कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी आखायच्या आणि झेरॉक्स काढून भिंतीवर लावायच्या, अशी ती रीत. पहिल्या चौकटीत कोण आणि कुठं, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात अडचण वाढते किंवा काहीतरी अचानक होतं, चौथ्यात शेवट. मुलाला सहा-आठ चौकटी हव्या असतात. सुरुवातीला चारवरच थांबवा. मोजक्या जागेत गोष्ट बसवताना काय गाळायचं हे त्याचं त्याला ठरवावं लागतं.

विषय जवळचा हवा. रंकाळ्यावर भेळीचा पुडा हातातून पडणं, केएमटीची बस चुकणं, जोतिबाच्या यात्रेत गुलालात ओळखू न आलेला काका, तालमीत पहिल्यांदा लाल माती अंगाला लागली तो दिवस. 'झाडे लावा, झाडे जगवा' हा विषय दिलात तर चौथ्या चौकटीत घोषणाच येणार.

शब्दांचं काम

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. पाचवीच्या मुलांबरोबर फळ्यावर उभी राहू शकेल अशी एक स्ट्रिप नमुन्यादाखल देतो.

पहिली चौकट. पट्टी: 'सकाळपासून पाऊस कोसळत होता. घरात छत्री मात्र एकच होती.' आजीचा फुगा: 'दोघं मिळून जावा. भांडू नगासा.'

दुसरी चौकट. पट्टी नाही. ताई: 'तू घे छत्री. मी पळत जातो.' भाऊ: 'व्हय? आणि तू भिजलीस की आई मलाच वरडणार!'

तिसरी चौकट. पट्टी नाही, फुगाही नाही. मोठ्या अक्षरांत: 'फर्रर्र... फट्ट!' छत्री उलटी.

चौथी चौकट. पट्टी: 'आता भांडायला कारणच उरलं नव्हतं.' ताई: 'पळ लगा, पळ!'

आता ही मुलांबरोबर उलगडा. पहिल्या पट्टीतलं 'मात्र' काढून वाचा. काय हरवलं? पुढं भांडण होणार याचा सुगावा त्या एका शब्दात आहे. ताईचं 'मी पळत जातो' फुग्यात तसंच ठेवायचं, कारण इथली ताई असंच बोलते. तेच पट्टीत सांगायचं झालं तर 'ताई म्हणाली, मी पळत जाते' असं होईल. आजीचं 'भांडू नगासा' प्रमाण मराठीत कसं लिहाल? 'भांडू नका.' दोन्ही फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. कुठलंही खोडू नका.

'छत्री उलटी झाली' असं तिसऱ्या चौकटीत कुणी लिहू लागलं, तर विचारा, 'चित्रात दिसतंय ना?' चित्रात दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही. पट्टीत जावं ते चित्रात न मावणारं: वेळ, कारण, मनातलं. 'दुसऱ्या दिवशी', 'इकडं घरी', 'तिला वाटलं होतं' अशी सांधणारी वाक्यं मुलं इथं सहज उचलतात. निबंधात त्यांचे परिच्छेद सुटे पडतात, कारण त्यांच्याकडं हे सांधेच नसतात.

आवाजांच्या शब्दांसाठी एक अख्खा तास ठेवा. मराठीकडं या बाबतीत मोठी श्रीमंती आहे, आणि इंग्रजी साधनांमधली तयार 'बूम', 'पाव' ही स्टिकर वापरून आपण ती वाया घालवतो. पाणी खळखळतं, पानं सळसळतात, पताका फडफडते, दार करकरतं, भांडं खणकन पडतं, काच खळ्ळकन फुटते, पोतं धप्पकन आणि माणूस धाडकन. पावसाचेच किती आवाज! रिमझिम, टपटप, धो धो. पन्हाळ्याच्या पत्र्यावरचा तडतड वेगळा, रंकाळ्याच्या पाण्यावर पडणारा वेगळा. मुलांना डोळे मिटून ऐकायला लावा आणि ऐकलं ते लिहायला सांगा. जोडाक्षरं, द्वित्त, अर्धी अक्षरं, सगळं त्यात येतं, आणि 'खळ्ळकन' लिहिताना ळला ळ जोडावा लागतो हे मूल कानानं शोधून काढतं.

फुग्यासाठी दोनच नियम पुरेत. एका फुग्यात आठ-दहा शब्दांच्या वर जायचं नाही आणि एका फुग्यात एकच म्हणणं. मजकूर लांबला तर कापायचा. फुग्यासाठी अक्षर बारीक करायचं नाही.

साधन कुठलं घ्यावं

साधनं पुष्कळ आहेत, पण मराठीसाठी पहिली परीक्षा एकच. कोणत्याही साधनात आधी हे वाक्य टाइप करा: 'दुसऱ्या दिवशी शर्मिष्ठानं राष्ट्रगीत म्हटलं.' ऱ्या, र्मि, ष्ठा, ष्ट्र, म्ह नीट जुळले का पाहा. पाय मोडलेली अक्षरं, चौकोनी खोकी, ठिपक्यांचं वर्तुळ किंवा अक्षराच्या पुढं पळालेली ऱ्हस्व वेलांटी दिसली तर ते साधन सोडा. पडद्यावर ठीक दिसलं तरी पीडीएफ काढून पुन्हा पाहा. काही वेळा मोडतोड तिथं होते.

कॅनव्हामध्ये कॉमिक स्ट्रिपचे तयार साचे आहेत, देवनागरी फॉन्टही आहेत. शाळांसाठीची शैक्षणिक आवृत्ती पात्र शिक्षकांना मोफत मिळते. बहुतेक शाळांना मी आधी हेच सुचवेन. नेट धड नसेल आणि मोबाइल साधे असतील तर गुगल स्लाइड्स घ्या: कोरी स्लाइड, चार चौकोन, आकारांच्या यादीतले संवादाचे फुगे आणि मुलांनी कागदावर काढलेल्या चित्रांचे फोटो. दिसायला साधं, पण मराठी नीट चालते आणि तीन-चार मुलं एकाच फाइलवर काम करू शकतात.

स्टोरीबोर्ड दॅट आणि पिक्स्टन या दोन्हींत पात्रांचे हावभाव, उभं राहण्याची ढब बदलता येते. चेहऱ्यावरचा राग आणि फुग्यातले शब्द जुळतात का, यावर बोलायला ते छान. मोफत वापराला मर्यादा आहेत, म्हणून वर्गासाठी पैसे भरण्याआधी वरचं वाक्य टाकून बघाच. मेकबिलीफ्सकॉमिक्स मोफत आहे आणि अगदी सोपं आहे. तिथंही आधी तीच परीक्षा घ्या. बुक क्रिएटरमध्ये कॉमिकची पानं आणि आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे. मुलानं स्वतःच्या आवाजात फुगे वाचून जोडले की आजी-आजोबांना ऐकायला मजा.

एक ठाम मत. वाक्य टाकलं की आख्खी गोष्ट आणि चित्रं बनवून देणारी एआय साधनं या कामात नकोत. मुलानं करायचं काम तीच करून टाकतात. शिवाय अशा चित्रांमध्ये उमटलेली देवनागरी अक्षरं अनेकदा मोडकी असतात, आणि नुकतं वाचायला लागलेल्या मुलापुढं मोडकं अक्षर ठेवू नये.

टायपिंग आणि अक्षरं

मोबाइलवर जीबोर्ड या गुगलच्या कळफलकात मराठी जोडा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा पर्याय मुलांना देऊ नका. थेट देवनागरी कळफलक द्या. 'क', हलन्त, 'ष' असं दाबून 'क्ष' तयार होताना पाहिलं की जोडाक्षर कशाचं बनलंय ते मुलाला डोळ्यांनी दिसतं. शब्द सुचवण्याची सोय बंद करा, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घ ठरवायचं काम मोबाइल करेल.

बोलून टाइप करण्याची सोय मात्र एका कामाला उत्तम आहे. लिहायला फारच अडणाऱ्या मुलाला फुगा बोलू द्या आणि मग मोबाइलनं काय ऐकलं ते त्यालाच तपासायला सांगा. कोल्हापुरी बोलण्याचं मोबाइल काहीबाही करून ठेवतो. ते दुरुस्त करताना मूल एकेक अक्षर वाचतं, आणि एरवी धड्यात ते इतकं बारकाईनं कधी वाचत नाही.

फॉन्ट निवडताना ल आणि श पाहा. आपली मुलं पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतात. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं आणि पहिली-दुसरीतलं मूल गोंधळतं. गुगल फॉन्ट्समधला 'तिरो देवनागरी मराठी' मराठी वळणाचा आहे, लहान मुलांसाठी तो घ्या. मोठ्या मुलांच्या फुग्यांसाठी 'बालू' किंवा 'मुक्ता' ठसठशीत दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र थोडं वाढवा. इंग्रजीच्या मापानं ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात.

स्क्रीनवरची जुळणी

कागद तयार असला की जुळणीला अर्धा-पाऊण तास पुरे. क्रम ठरवून द्या. आधी चौकटी, मग पट्ट्या आणि फुगे टाइप करून जागेवर ठेवायचे, त्यानंतर पात्रं आणि अगदी शेवटी पार्श्वभूमी. शब्द आधी बसले की चित्राला उरलेली जागा मिळते. उलट केलं की शब्द कोपऱ्यात चेपले जातात. आधी बोलणारं पात्र डावीकडं ठेवा, म्हणजे फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदत नाहीत.

एकाच मोबाइलवर तिघं बसणार असतील तर कामं वाटा: एक वाचून दाखवणार, एक टाइप करणार, एक शुद्धलेखन बघणार. प्रत्येक चौकटीला जागा बदला.

मोठ्यानं वाचा, मग दुरुस्त करा

स्ट्रिप तयार झाली की नाटकासारखी वाचून घ्या. एकेक मूल एकेक पात्र, पट्ट्या वाचणारा निवेदक वेगळा. वर्गात कधी तोंड न उघडणारं मूलही 'फट्ट!' म्हणायला पुढं येतं. पुढच्या वेळी त्याला आजीचा फुगा द्या.

वाचताना चुका आपोआप वर येतात. प्रश्नचिन्ह नसेल तर वाचणारा सरळ वाचून जातो आणि लिहिणारा ओरडतो, 'अरे, ती विचारतीय!' विरामचिन्ह का हवं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. तपासताना एका वेळी एकच गोष्ट धरा. या आठवड्यात विरामचिन्हं, पुढच्या आठवड्यात पट्टीतले ऱ्हस्व-दीर्घ. फुग्यातल्या बोलीला लाल पेन लावायचंच नाही. तिथं फक्त विचारा, 'आजी खरंच असं म्हणेल का?'

स्ट्रिपची गोष्ट करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग 'कॉमिकनं लेखन कुठं सुधारलं?' असं म्हणतात. स्ट्रिप समोर ठेवून तीच गोष्ट वहीत परिच्छेदात लिहायची. फुगे गेले, म्हणून दुहेरी अवतरणचिन्हं आली. कोण बोललं ते आता दिसत नाही, म्हणून 'ताई म्हणाली' आलं. दर वेळी 'म्हणाली' कंटाळवाणं होतं, म्हणून 'पुटपुटली', 'खेकसली', 'हळूच विचारलं' आलं. चेहरा दिसत नाही, म्हणून राग शब्दांत सांगावा लागतो. चौकटींमधली फट भरावी लागते. परीक्षेतलं कथालेखन हेच असतं.

उलटा प्रवासही घ्या. बालभारतीच्या पुस्तकातला एखादा धडा घेऊन त्याच्या चार चौकटी करा. नेमकं महत्त्वाचं काय ते मुलाला निवडावं लागतं, आणि संवादलेखनाचा सराव होतो.

सहावी-आठवीला माहितीच्या स्ट्रिप द्या. कोल्हापूरच्या मुलांना पंचगंगेची पातळी पाठ असते: राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. पट्टीत आकडे आणि फुग्यात घरातलं बोलणं: 'वरच्या मजल्यावर काय काय न्यायचं?' असं केलं की बातमीची भाषा आणि माणसाची भाषा एकाच पानावर येतात. इतिहासासाठी १९१७ घ्या. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तो निरोप घरात पहिल्यांदा आला तेव्हा आई, बाप आणि शेरडं राखणारं पोरगं काय बोलले असतील? पट्टीतलं सगळं खरं हवं, फुग्यातलं मुलांनी रचायचं. कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं, हे आठवीच्या मुलाला आपल्याच हातानं वेगळं करता आलं पाहिजे.

खाती आणि फोटो

लहान मुलांची स्वतंत्र खाती उघडू नका. शिक्षकाच्या किंवा पालकाच्या खात्यातून काम करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे 'मूल' धरले आहेत आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती लागते. मुलांच्या चेहऱ्याचे फोटो चढवू नका, पूर्ण नाव आणि शाळेचं नाव स्ट्रिपवर घालू नका. तयार स्ट्रिप सगळ्यांसाठी खुली करण्याऐवजी पीडीएफ काढून पालकांच्या गटात पाठवा आणि झेरॉक्स वर्गात लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मूल अडलं तर

'सुचत नाही' म्हणालं तर तीन चौकटी तुम्ही भरून द्या, चौथी त्याला. नुसते फुगेच लिहितंय, पट्टी टाळतंय, तर पात्रांना पाठमोरं करा आणि काही फुगे काढून घ्या. बोलणं आणि चेहरा दोन्ही नसलं की निवेदन लिहावंच लागतं. सगळ्या स्ट्रिप मारामारीच्याच होत असतील तर होऊ द्या, फक्त अट घाला की मारामारीआधी दोघांनी एकेक कारण बोललं पाहिजे. आणि ज्याला तयार पात्रं आवडत नाहीत, स्वतःच काढायचं आहे, त्याला कागद द्या. त्या चित्रांचा फोटो काढून चौकटीत बसवा. फुगे आणि पट्ट्या मात्र त्यानंच टाइप करायच्या.